नळदुर्गकर काकूंचं पार्किंग

आमच्या इमारतीत पार्किंगची सगळ्यांत चांगली जागा नळदुर्गकर काकूंची होती, आणि त्यांच्याकडे गाडी नव्हती. सायकलसुद्धा नव्हती. त्यांच्या वाट्याच्या त्या चौकोनात वेताच्या चार खुर्च्या, एक बाक, तुळशीची कुंडी आणि रोज सकाळी ताजी रांगोळी असायची. दोन्ही बाजूंना चकचकीत गाड्या उभ्या आणि मधे ही रांगोळी. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, आज घरात काही कार्य आहे. तसं काही नसायचं. काकू नुसत्या बसलेल्या असायच्या.

ही जागा त्यांनी मिळवली कशी, ते मला तिसऱ्या मजल्यावरच्या रेड्डी गारूंनी, म्हणजे रेड्डीसाहेबांनी, सांगितलं. इतकी वर्षं होऊनही त्यांच्या आवाजातला राग विझला नव्हता. हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या एका जुन्या बंगल्याच्या जागी आमची इमारत उभी राहिली, तेव्हा बिल्डरने फ्लॅट घेणाऱ्यांना एक दिवस बोलावून घेतलं. कोणी पूर्वेचा दरवाजा मागितला, कोणी रस्त्याकडची गॅलरी, कोणी वास्तुशास्त्रवाल्याला सोबत घेऊन आलं होतं. काकू मात्र थेट खाली गेल्या. इथे त्या तळाच्या पार्किंगला सगळे सेलर म्हणतात, जमिनीच्या वर असलं तरी. तिथे त्या उन्हात आणि सावलीत फिरल्या, वारा कुठून येतो ते पदर धरून पाहिलं, आणि फाटकाजवळची कोपऱ्यातली ऐसपैस जागा दाखवून म्हणाल्या, "मला हे पाहिजे. वरचा फ्लॅट कुठला बी द्या." बिल्डरला वाटलं, बाईंची गाडी मोठी असणार. रेड्डींनाही तेच वाटलं, म्हणून ते गप्प बसले. गृहप्रवेशाच्या दिवशी टेम्पोतून वेताच्या खुर्च्या उतरल्या तेव्हा त्यांना काय झालं ते कळलं.

मी पुण्याची. नवऱ्याला इथल्या विद्यापीठात नोकरी लागली, मला हायटेक सिटीच्या बाजूला, आणि आम्ही त्या इमारतीत भाड्याने राहायला आलो. पहिल्या दिवशी मी गाडी लावून लिफ्टकडे निघाले तर मागून हाक आली, "काय गं, खाली मान घालून कुठं जायलीस? बस की जरा. गाडी काय पळून जायली का?" मी म्हटलं, सामान यायचंय, घाई आहे. त्या म्हणाल्या, "सामान आल्यावर दिसतंच की इथून." ते खरंच होतं, त्यामुळे मला बसावं लागलं. सामान येईपर्यंत त्यांनी माझं माहेर, सासर, पगाराचा अंदाज आणि मला भरल्या वांग्यात दाण्याचं कूट आवडतं की तीळ, एवढं सगळं काढून घेतलं. पुण्यात आमच्या सोसायटीत मी नऊ वर्षं राहिले होते, पण समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंचं नाव मला ठाऊक नव्हतं.

काकूंची पकड अशी मधल्या रस्त्यात असायची. माणूस गाडीतून उतरला की लिफ्टमध्ये जायच्या आत आणि लिफ्टमधून उतरला की गाडीत बसायच्या आत. त्या थोड्या पावलांत त्या गाठायच्या. त्यांचं म्हणणं होतं की आजकाल माणूस दोनच ठिकाणी सापडत नाही, घरी आणि रस्त्यावर. घरी दार बंद आणि रस्त्यावर काच बंद. मग उरलं काय, तर सेलर.

त्या नळदुर्गकडच्या. म्हणजे त्यांचे आजोबा निजामाच्या काळात तिथून शेती भावकीकडे सोपवून हैदराबादला आले. काकू इथेच जन्मल्या, इथेच शिकल्या, टपालखात्यात नोकरीला लागल्या आणि खिडकीमागे बसून निवृत्त झाल्या. त्यांची मराठी मला सुरुवातीला अर्धीच कळायची. "परेशान नको होऊ", "खाली-पिली तकलीफ कशाला", "हौ, हौ" असं सगळं त्यात सुखाने नांदायचं. मी एकदा पुणेरी आगाऊपणाने "परेशान हा मराठी शब्द नाही" असं म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग तुमच्यात माणूस परेशान झाला की काय होतो?" मी "त्रासतो" म्हटलं. "ते कमी आहे," त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

टपालातली एक खोड त्यांची शेवटपर्यंत गेली नाही. कोणीही नवीन भेटलं की पत्ता विचारायच्या, आणि उत्तर ऐकून नाक मुरडायच्या. हैदराबादेत आता पत्ता सांगायचा तर मेट्रोच्या किंवा उड्डाणपुलाच्या खांबाचा आकडा सांगतात. अमुक नंबरच्या पिलरसमोर, तमुक पिलरच्या मागे. काकूंना ते सहन व्हायचं नाही. "आधी लोक डॉक्टरच्या शेजारी राहायचे, मशिदीच्या गल्लीत राहायचे, चिंचेखाली राहायचे," त्या म्हणायच्या. "आता सगळे खांबाला बांधून ठेवलेत."

त्यांना गाड्यांचा राग होता असं कोणी समजू नये. गाडीत बसायला त्यांना मनापासून आवडायचं. मी कुठे निघाले की चप्पल घालून तयार. पुढच्या सीटवर बसायच्या, काच खाली करायला लावायच्या, आणि सिग्नलला थांबलं की शेजारच्या स्कूटरवाल्याला "लेकराला टोपी घाल रे बाबा, ऊन बघ" असं सांगायच्या. त्यांचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. "गाडी वाईट नाही गं," त्या एकदा म्हणाल्या. "पण तिला खालचं घर दिलं. आधी खाली माणसं राहायची. आता खाली गाड्या राहतात अन् माणसं वर टांगलीत."

हे ऐकल्यावर मी आमच्या गल्लीतून पहिल्यांदा नीट बघत चालले. खरंच होतं. दोन्ही बाजूंच्या बंगल्यांच्या जागी आमच्यासारख्या इमारती उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या पोटात गाड्या. डोळ्यांच्या पातळीवर एक खिडकी नव्हती, एक पायरी नव्हती, एकही चेहरा नव्हता. भाजीवाला हातगाडी थांबवून मान मागे टाकून पाचव्या मजल्याकडे ओरडत होता आणि वरून दोरीला बांधलेली टोपली खाली येत होती. कोणाची टोपली, त्याला माहीत नव्हतं.

पण काकूंना खरा चटका बसला तो मोठ्या रस्त्यामुळे. रस्त्यापलीकडच्या गल्लीत, विद्यानगरच्या बाजूला, शांताबाई नावाची त्यांची मैत्रीण राहायची. दोघी टपालात एकत्र होत्या. दर गुरुवारी एक जण डबा घेऊन दुसरीच्या घरी जायची, घरातल्या चपला घालून, वेणीसुद्धा न घालता. मग रस्ता रुंद झाला. पदपथ आधी अरुंद झाला, नंतर नाहीसाच झाला. शेवटी मधल्या दुभाजकातली वाट बंद करून वळण पार पुढे नेलं. आता शांताबाईंच्या घरी जायचं तर रिक्षा करायची, उलट्या दिशेने लांब जायचं, तिथे वळायचं आणि तेवढंच अंतर परत यायचं. एकदा मी काकूंना गाडीतून घेऊन गेले. निघताना शांताबाई पलीकडच्या कडेला उभ्या दिसत होत्या, हातात झाकलेला डबा. काकूंनी काचेतून हात केला, त्यांनी केला. मग आम्ही त्यांच्यासमोरून निघून गेलो. वळणाला रांग होती. आम्ही पोहोचलो तोवर त्या बिचाऱ्या कंटाळून घरात गेल्या होत्या आणि गार झालेल्या धपाट्यांवरून दोघी भांडल्या.

पुढे शांताबाईंचे गुडघे गेले, गुरुवार सुटले, फोन राहिला. डबा न भरलेल्या पहिल्या गुरुवारी काकू खुर्ची रस्त्याकडे वळवून बसल्या. मग म्हणाल्या, "रस्ता मोठा झाला अन् माझी मैत्रीण लांब राहायला गेली." आमच्यापैकी कोणीच ठरवून तो रस्ता ओलांडायचं बंद केलं नव्हतं, पण बंद झालं होतं, आणि मीही त्याच रस्त्यावरून रोज गाडी हाकत होते.

त्यानंतर काकूंनी सेलरकडे जास्तच लक्ष घातलं. गाड्या मागे घेणाऱ्यांना त्या खुर्चीतून सूचना द्यायला लागल्या. "आन दो, आन दो, आन दो, बस!" लोकांनाही सवय झाली, आरशात बघणंच सोडून दिलं त्यांनी. एके दिवशी रेड्डी गारू नवी कोरी गाडी घेऊन आले. आंब्याची पानं, हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. काकूंनी "आन दो, आन दो" सुरू केलं आणि तेवढ्यात फाटकातून फुलवाली आली. काकूंनी मान वळवली, मोगऱ्याचा भाव विचारला, पण तोंडातलं "आन दो" चालूच राहिलं. रेड्डी गारू आज्ञाधारकपणे मागे येत राहिले आणि खांबावर आदळले. काकूंनी हात जोडले, कान पकडले, दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या पाठवल्या. रेड्डींनी पोळ्या खाल्ल्या, पण बोलणं सोडलं.

रेड्डींच्या आईचं मात्र तसं नव्हतं. त्या नलगोंड्याकडच्या खेड्यातून आलेल्या, वयाने काकूंपेक्षा मोठ्या, सगळे त्यांना अम्मम्मा म्हणत. मुलाने त्यांना स्वतंत्र खोली, टीव्ही, कामाला बाई असं सगळं दिलं होतं, आणि त्या गॅलरीत उभ्या राहून दिवसभर खाली बघायच्या. त्यांना बोलायला जमीन लागत होती आणि ती तीन मजले खाली होती. काकूंनी एकदा वर बघितलं, हातातली अंबाडीची जुडी उंच करून दाखवली आणि "या" अशी खूण केली. अम्मम्मा लिफ्टला घाबरून जिन्याने उतरल्या. खाली येऊन बसल्या, जुडी ओढून घेतली आणि "पुंटिकूर!" असं अंबाडीचं त्यांच्याकडचं नाव घेत पानं खुडायला लागल्या. काकूंचं तेलुगू टपालाच्या खिडकीपुरतं आणि अम्मम्मांना दुसरी भाषाच येत नव्हती. तरी त्या दोघी रोज संध्याकाळी अंधार पडेपर्यंत बोलत बसायच्या. काय बोलायच्या ते विचारलं तर काकू म्हणायच्या, "सुनांबद्दल. त्याला भाषा लागत नाही."

अशात असोसिएशनची मीटिंग निघाली. विषय एकच, तो रेड्डी गारूंनीच आणलेला. बहुतेक घरांत आता दोन गाड्या झाल्या होत्या, दुसरी गाडी रस्त्यावर राहायची, तिच्यावर ओरखडे पडायचे. तेव्हा ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांची जागा इमारतीने ताब्यात घेऊन दुसऱ्या गाड्यांना पाळीपाळीने द्यावी. गाडी नसलेलं घर एकच होतं, त्यामुळे ठराव कोणाबद्दल आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या दिवशी काकू माझ्याकडे आल्या आणि मी त्यांना प्रथमच घाबरलेलं पाहिलं. "जागा गेली तर मी वर जाऊन काय करू?" त्या म्हणाल्या. "वर मला कोणी दिसत नाही गं." मी धीर दिला, पण मला मतांचा हिशोब दिसत होता आणि तो काकूंच्या बाजूने नव्हता.

मीटिंग कुठे घ्यायची याचा विचार कोणी केला नव्हता. इमारतीत सभागृह नाही, गच्चीवर पाण्याच्या टाक्या. म्हणून मीटिंग नेहमीसारखी काकूंच्या पार्किंगमध्येच भरली. काकूंच्या खुर्च्या, काकूंचा बाक, आणि काकूंनी केलेला चहा सगळ्यांच्या हातात. रेड्डी गारू उभे राहिले आणि नम्रपणे म्हणाले, "अम्मा, बुरा मत मानना. आपके पास कार नहीं है. आपको पार्किंग किस लिए?"

"मैं हूँ ना," काकू म्हणाल्या. "मैं रोज यहाँ पार्क होती."

सगळे हसले, पण हसून मत बदलत नाही. सेक्रेटरी सिद्दीकी साहेब, पहिल्या मजल्यावरचे निवृत्त वकील, हात वर करायला सांगणार तोच थांबले. त्यांनी कपाकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं आणि म्हणाले, "एक बात बोलूँ? यहाँ गाड़ी खड़ी कर दिए तो अगली मीटिंग काँ करना? लिफ्ट में?" तेवढ्यात जिन्यावरून चपलांचा आवाज आला. अम्मम्मा रोजच्या वेळेला खाली येत होत्या. त्यांना मीटिंगचं काही ठाऊक नव्हतं. गर्दी बघून त्या थबकल्या, काय चाललंय विचारलं, कोणीतरी तेलुगूतून सांगितलं. त्या मुलाकडे वळल्या. रागावल्या नाहीत, साधं विचारलं, "कारु वस्ते नेनेड कूसोवाले रा?" गाडी आली तर मी बसू कुठे रे?

रेड्डी गारू खाली बसले. ठराव मताला आलाच नाही. सिद्दीकी साहेबांनी पाण्याच्या टँकरचा विषय काढला आणि त्यावर मात्र सगळे जोरजोरात भांडले.

मग काही वर्षं बरी गेली. काकूंच्या जागेत हळदीकुंकू झालं, इफ्तारची फळं कापली गेली, तेलंगणाच्या बतुकम्मा सणाची फुलं रचली गेली. पोरं परीक्षेच्या दिवसांत तिथे अभ्यास करायची. मी ऑफिसातून आले की गाडीची चावी फिरवत आधी खुर्चीत टेकायचे, घर मग. पण काकू बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला. पुण्याला बाणेरला राहणारा मुलगा म्हणाला, आता एकटीने राहणं पुरे. काकूंनी ते मानलं. फ्लॅट विकायचा ठरला.

आणि मग काकूंनी जे केलं त्याने मुलगा टेकीला आला. फ्लॅट बघायला येणाऱ्याला त्या पहिला प्रश्न विचारायच्या, "गाडी आहे?" हो म्हटलं की "मग जमायचं नाही." चांगली चांगली गिऱ्हाइकं परत गेली. मुलगा फोनवर माझ्यापाशी कळवळायचा, "अहो, गाडी नाही असा माणूस फ्लॅट कशाला विकत घेईल?" काकूंना ते कळत होतं. त्या मला म्हणाल्या, "हौ, कळतं मला. मी हट्टी आहे. पण मी गेले की दुसऱ्या दिवशी तिथं चार चाकं येतील, अन् ती म्हातारी पुन्हा गॅलरीत उभी राहील." मला वाटलं, आता काही होत नाही. शहरं अशीच बदलतात, एक जागा वाचवून काय होणार.

एका रविवारी एक तरुण जोडपं आलं. नवरा करीमनगरचा, बायको लातूरची. बायकोने मराठीत "काकू" म्हटल्याबरोबर काकू विरघळल्या, पण प्रश्न विचारायचा तो विचारलाच. नवरा कसनुसं हसून म्हणाला, गाडी आहे, ऑफिस लांब आहे, करणार काय. काकूंनी डोळे मिटून घेतले. शेजारच्या जागेत रेड्डी गारू गाडी पुसत होते. ते फडकं हातात घेऊनच आले. खांबाच्या प्रकरणानंतर, मीटिंग सोडली तर, ते काकूंच्या चौकोनात आपणहून कधी आले नव्हते. त्या तरुणाला म्हणाले, "आप मेरी जगह ले लो. लिख के देता मैं. मेरे कज़िन का प्लॉट है पिछली गल्ली में, दोनों गाड़ियाँ वहाँ रहेंगी." मग काकूंकडे वळून जरा अडखळत म्हणाले, "अम्मा, ये जगह ऐसीच रहेगी. मेरी माँ यहाँ बैठती ना."

काकू उठू शकत नव्हत्या. त्यांनी नुसता हात पुढे केला आणि रेड्डी गारूंनी तो दोन्ही हातांत धरला. मी लिफ्टकडे गेले, कारण मला रडू येत होतं आणि रेड्डींसमोर रडायचं नव्हतं.

तेव्हापासून रेड्डी गारू मागच्या गल्लीतून चालत येतात. सुरुवातीला तोंड वाकडं असायचं. मग त्यांना वाटेत इस्त्रीवाला भेटायला लागला, शाळेतला एक जुना वर्गमित्र त्याच गल्लीत राहतो असं कळलं, आणि घरी यायला उशीर व्हायला लागला. परवा त्यांनी असोसिएशनच्या ग्रुपवर गल्लीतल्या पदपथासाठी अर्ज करू या असं लिहिलं. सगळ्यात आधी अंगठा सिद्दीकी साहेबांनी दिला.

काकू पुण्याला गेल्या तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. संध्याकाळची रेल्वेगाडी होती. आदल्या दिवशी सगळ्यांचे निरोप, ओट्या, रडणं झालं होतं. त्या दिवशी मी आणि मुलगा त्यांना वॉकरसह लिफ्टने खाली घेऊन आलो. माझी गाडी फाटकाशी उभी होती. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा पार्किंगमध्ये दोघी जणी बसल्या होत्या, पाठमोऱ्या. अम्मम्मा आणि ती लातूरची मुलगी. पडद्यांची मापं घ्यायला आली असणार, टेप अजून हातातच होता. अम्मम्मा तेलुगूत काहीतरी खोदून खोदून विचारत होत्या आणि ती तोडक्यामोडक्या शब्दांत, हातवारे करत, हसत उत्तरं देत होती. दोघींचं आमच्याकडे लक्ष नव्हतं.

मी हाक मारायला तोंड उघडलं. काकूंनी माझा दंड दाबला.

"नको," त्या हळूच म्हणाल्या. "आत्ताशी बोलणं लागलंय. उठवू नको त्यांना."

आणि वॉकरचा आवाज होऊ नये म्हणून तो त्यांनी मुलाच्या हातात दिला, माझ्या खांद्यावर भार टाकला आणि भिंतीच्या कडेकडेने, एक एक पाऊल टाकत, त्या फाटकाबाहेर गेल्या.